'झपाटलेला ३'कडून चाहत्यांच्या नेमक्या काय अपेक्षा आहेत? एआय वापरून लक्ष्याला परत आणलं तर चालेल का?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण सगळी भांडणं त्यावरूनच चालली आहेत.

मला नाही चालणार. मेलेल्या माणसाला मंत्र म्हणून भलत्याच देहात घालायचं, हा उद्योग या गोष्टीत तात्या विंचूचा आहे आणि तो खलनायक आहे! चाहत्यांनीच आता 'ओम फट् स्वाहा' म्हणून लक्ष्याला संगणकात घालायचं म्हणजे कमालच झाली. लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेले. २०१३ साली दुसरा भाग आला तेव्हा त्यांच्या जागी दुसरा लक्ष्या उभा केला नाही, लक्ष्याचा मुलगा आदित्य बोलके नायक झाला आणि ते काम आदिनाथ कोठारेने केलं. हा रस्ता सरळ होता. तिसऱ्या भागात घरातल्या भिंतीवर हार घातलेला फोटो दाखवा, पहिल्या भागातला एखादा तुकडा जसाच्या तसा दाखवा, थिएटरात शिट्ट्या पडतील. पण त्यांनी कधी न म्हटलेले संवाद त्यांच्या तोंडी घालू नका. लक्ष्याची गंमत संवादात कमी आणि संवादाच्या आधी जो अर्धा क्षण तो गोंधळायचा त्यात जास्त होती. तो अर्धा क्षण किती लांबवायचा हे फक्त त्यालाच कळायचं. चेहरा हुबेहूब आला आणि तो क्षण चुकला, तर हसू येण्याऐवजी कसंतरीच होईल.

आता पहिला भाग. चाहत्यांना काय हवंय यावर प्रत्येक जण वेगळं सांगेल. मी १९९३चा पहिला 'झपाटलेला' टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून बसणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा माझं ऐका आणि हवं तर सोडून द्या.

न पाहिलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात: गुंड तात्या विंचू बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि मरता मरता स्वतःचा आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो लक्ष्या बोलकेकडे, ज्याला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करायचं वेड आहे. आता तात्याला बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरावं लागणार, म्हणजे लक्ष्याच्या. कल्पनेचं मूळ १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले'त, अर्थात त्या चकीच्या बाहुल्यात आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे बाहुला येतो तो एका लहान मुलाकडे. इथे तो शब्दभ्रमकाराकडे येतो, आणि सगळी मजा त्यात आहे. ज्याचा धंदाच बाहुल्यांना बोलतं करण्याचा, तो जर ओरडून सांगू लागला की 'हा बाहुला खरंच बोलतो', तर विश्वास कोण ठेवणार?

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. बाहुला स्वतःहून भीतिदायक नसतो. समोरचा माणूस त्याला किती घाबरतो, यावर तो जिवंत होतो. दिग्दर्शक महेश कोठारेंनीच केलेला इन्स्पेक्टर, मधू कांबीकरांची आई, विजय चव्हाणांचा हवालदार ही सगळी माणसं आपापल्या जागी चोख आहेत, पण तात्याला प्राण दिलेत ते लक्ष्याच्या फाटलेल्या डोळ्यांनी. इतर कोणी खोलीत आलं की तो बाहुला निपचित. ते गेले की तीच मान वळणार हे आपल्याला ठाऊक असतं, लक्ष्यालाही ठाऊक असतं, आणि बाकी कोणाला पटत नाही. दुसऱ्या भागात थ्रीडी होतं, मकरंद अनासपुरे होते, सई ताम्हणकर आणि सोनाली कुलकर्णी होत्या, पण इतकं एकटं पडून घाबरणारं मला तरी कोणी दिसलं नाही. म्हणून तिसऱ्या भागाकडून पहिली मागणी: तात्याला धड सावज द्या. देखणा, मारामारी करणारा हिरो नको. गरीब, बडबड्या, ज्याचं घरातही कोणी ऐकत नाही असा.

हे सावज म्हणून बऱ्याच जणांना लक्ष्मीकांत बेर्डेंचा मुलगा अभिनय बेर्डे हवाय. मलाही आवडेल. फक्त कथेत लक्ष्याचा मुलगा आधीच आदित्य आहे, तेव्हा अभिनयला कुठल्या नात्याने आणायचं हे लेखकाने बघावं. मराठी सिनेमाला हरवलेला भाऊ काही नवा नाही. पण वडिलांच्या लकबी त्याच्याकडून करून घेऊ नयेत, ते त्या मुलावर अन्यायाचं होईल.

दुसरी मागणी बाहुल्याबद्दल. तो खराच हवा. पहिल्या सिनेमातला तात्या शब्दभ्रमकार रामदास पाध्येंचा. वडील यशवंत पाध्येंचा अर्धवटराव हा बाहुला त्यांनी पुढे चालवला, आणि आता मुलगा सत्यजितही त्याच कामात आहे. त्यांच्या एका कार्यक्रमात मी तात्याला प्रत्यक्ष पाहिलं आहे. पेटीतून बाहेर आल्यावर त्याने आधी काहीच केलं नाही. मग फक्त डोळे डावीकडे गेले, त्यांच्या मागून सावकाश मान. पुढच्या रांगेतलं एक पोरगं आईच्या पदरात शिरलं. स्टेजवर पाध्ये शेजारीच, हात बाहुल्याच्या पाठीत, सगळं उघड दिसत असताना! आधी डोळे आणि मग मान, एवढ्या क्रमानेच ते बाहुलं विचार करतंय असं वाटायला लागतं. तेच संगणकावर काढलं की सगळं एकदम हलतं, गुळगुळीत हलतं आणि भीती जाते.

माझी धास्ती अशी की कोठारेंना नव्या तंत्राची हौस दांडगी. १९९०चा 'धडाकेबाज' मराठीतला पहिला सिनेमास्कोप सिनेमा, 'झपाटलेला २' मराठीतला पहिला थ्रीडी. या हौसेनेच त्यांनी मराठी सिनेमाला पुढे नेलं, त्याबद्दल दंडवत. पण यावेळी हौस तात्याच्या अंगावर नको. चकीवाल्यांचं बघा. २०१९ला त्यांनी नवा चकी आणला, आवाज बदलला, बाहुल्याची गोष्टही बदलून टाकली, आणि जुने चाहते खट्टू झाले. २०२१ला मालिका आली तेव्हा मूळ लेखक डॉन मॅन्सिनी आणि जुना आवाज ब्रॅड डूरिफ, दोघेही परत होते, आणि बाहुलाही खराच होता. तेच लोकांना हवं होतं.

आवाजाचं निघालंच आहे तर दिलीप प्रभावळकरांशिवाय तात्या नाही. माणूस म्हणून दिसलेला तात्याही तेच आणि बाहुल्याचा आवाजही तेच. 'चौकट राजा'तला गतिमंद नंदू बोलणारा गळा दोनच वर्षांनी हा घोगरा, चिरका, खुनशी आवाज काढतो, हे मला आजही खरं वाटत नाही. ऐंशी ओलांडल्यावर २०२५ला त्यांनी 'दशावतार' पेलला, तेव्हा ताकदीचा प्रश्नच नाही. तरी निर्मात्यांनी त्यांच्या देखतच एखाद्या तरुण नटाला हा आवाज शिकवून ठेवावा. अमेरिकेत मपेट्स या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन १९९०ला अचानक वारले, तेव्हा कर्मिट बेडकाचा आवाज स्टीव्ह व्हिटमायरकडे गेला आणि २०१७ला तो मॅट व्होगलकडे. दोन्ही वेळा चाहत्यांनी कुरकुर केली, पण कर्मिट चालू राहिला कारण प्रत्येक वेळी कोणीतरी माणूसच हात घालून बोलत होता. तात्याच्या बाबतीतही मी एवढंच मागेन: आवाज बदलावा लागलाच तर माणसाकडून माणसाकडे जाऊ दे.

बाकी किरकोळ. तात्याचा साथीदार कुबड्या खवीस हवाच, शिव्या घालायला तात्याला कोणीतरी लागतं. पहिल्या भागात बिपीन वर्टींनी तो केला होता आणि तसा बेरकी चेला मिळणं कठीण आहे, पण शोधा. गाणी दोन पुरेत. कोठारेंचे इन्स्पेक्टर महेश जाधव निवृत्त झाले असले तरी चालतील, त्यांचं 'डॅम इट' मात्र एकदा तरी झालं पाहिजे. आणि यावेळी बाहुल्याच्या भुवयांच्या मधोमध गोळी मारून विषय संपवू नका, तो शेवट आम्हाला पाठ आहे, नवीन काढा.