वंडर वुमनला सेक्रेटरी कुणी केलं? जुन्या कॉमिक्समधल्या नायिकांबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारा वर्षांची. तिच्यासाठी वंडर वुमनच्या 1940च्या दशकातल्या गोष्टींचा जाडजूड खंड मागवलात, चाळून बघितलात तर दर दोन-चार पानांनी नायिका साखळदंडांत, म्हणून तो कपाटात वरच्या फळीवर गेला. तिला द्यावा का, आणि त्या काळातल्या सगळ्याच सुपरहिरो बायका अशाच होत्या का, असं तुम्ही विचारलंय. वर बऱ्याच जणांनी "काळच तसा होता" म्हणून विषय मिटवलाय. मला ते अजिबात पटत नाही. ही कॉमिक्स मी वीस वर्षं जमवतेय, वाचतेय. 1942ची नायिका 1962च्या नायिकेपेक्षा कितीतरी मोकळी होती. मधल्या वीस वर्षांत तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी त्या साखळ्या. वंडर वुमन पहिल्यांदा 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात आली, 1941च्या शेवटी. तिचा लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. खोटं बोलताना माणसाचा रक्तदाब कसा बदलतो यावर त्याने काम केलं होतं, आणि खोटं पकडण्याच्या यंत्राच्या इतिहासात त्याचं नाव येतं. नायिकेच्या हातातला खरं बोलायला लावणारा दोर आठवा. त्याच्या घरात दोन बायका होत्या, पत्नी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न. ऑलिव्ह ही संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगरची भाची, आणि वंडर वुमनच्या मनगटातली रुंद कडी आली ती ऑलिव्हच्या हातातल्या कड्यांवरून.

पुरुषाने ती कडी साखळीने जखडली तर तिची शक्ती जाते, असा त्या जगातला नियम. म्हणून ती सतत बांधली जाते आणि सतत सुटते. हे बघून त्या काळातही लोक अस्वस्थ झाले होते. प्रकाशनसंस्थेतली संपादक डोरोथी रूबिचेक हिने साखळ्या कमी करा म्हणून सांगितलं होतं. मार्स्टनचं म्हणणं वेगळं होतं. प्रेमापोटी दुसऱ्याच्या आज्ञेत राहण्यात सुख आहे, अशी त्याची ठाम समजूत होती, आणि त्या समजुतीत त्याची खाजगी आवड मिसळलेली होती हे चित्रं बघून कुणालाही कळतं. पण दुसरी बाजूही खरी आहे. चित्रकार एच. जी. पीटर 'जज' नावाच्या ज्या नियतकालिकासाठी काम करायचा, तिथे स्त्रियांच्या मताधिकारासाठी व्यंगचित्रं छापली जायची, आणि साखळ्या तोडणारी बाई ही त्या चळवळीच्या चित्रांतली ठरलेली प्रतिमा होती. मला दोन्ही गोष्टी एकाच पानावर दिसतात. मुलीसोबत वाचताना एवढंच बघा की सुटका कोण करतं. बहुतेक वेळा तिची तीच करते, आणि तिचा प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर याला सोडवायलाही तीच जाते.

आता सेक्रेटरीची गोष्ट. 1942मध्ये 'जस्टिस सोसायटी' या वीरांच्या मंडळाने वंडर वुमनला आत घेतलं आणि तिला सेक्रेटरी केलं! देवांची शक्ती असलेली बाई, आणि काम काय, तर बैठकीचं टिपण ठेवायचं. पुरुष मोहिमेवर निघतात, ही मागे राहते, असं कितीतरी गोष्टींत आहे. ज्याचं स्वतंत्र मासिक निघेल त्याने मंडळात मानद सदस्य व्हायचं असा तिथला रिवाज होता, आणि तिचं मासिक तेव्हा निघालंच होतं, हे मला माहीत आहे. पण त्याच कारणाने बाजूला झालेल्या फ्लॅश किंवा ग्रीन लँटर्न या पुरुष वीरांना कुणी वही-पेन्सिल दिली नाही. मंडळाच्या गोष्टी मुख्यतः दुसऱ्या लेखकाच्या हातात होत्या. मार्स्टनने मात्र तिच्या स्वतःच्या मासिकाच्या सातव्या अंकात तिला थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. एकाच काळात, एकाच पात्राचं हे असं. म्हणून "काळच तसा होता" हे मला अपुरं वाटतं. लेखणी कुणाच्या हातात आहे यावर फार अवलंबून होतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'मिस फ्युरी'. वंडर वुमन यायच्या सहाएक महिने आधी, 6 एप्रिल 1941पासून, ही चित्रमालिका वर्तमानपत्रांत सुरू झाली. लिहिणारी आणि काढणारी एकच बाई, जून टार्पे मिल्स. बाईचं नाव दिसू नये म्हणून ती फक्त 'टार्पे मिल्स' अशी सही करायची. तिची नायिका मार्ला ड्रेक काळ्या बिबट्याच्या कातड्याचा पोशाख घालते, पण फार क्वचित. बहुतेक गोष्टींत ती साध्या, नेटक्या कपड्यांत असते आणि डोकं चालवून सुटते. तिची वैरीण बॅरोनेस एरिका फॉन काम्फ हिच्या कपाळावर स्वस्तिक डागलेलं आहे, आणि ती केस पुढे ओढून ते झाकते. बाईला बाईच तोडीस तोड शत्रू, दोघींना आपापली बुद्धी, आपापला राग. कपडे, टोप्या, चपला मिल्सने इतक्या प्रेमाने काढल्यात की नायिका देखणी आहे, पण ती कुणाला दाखवायला उभी केलेली वाटत नाही. जमलं तर हा खंड आधी मिळवा.

मेरी मार्व्हल 1942च्या शेवटी आली. अंगभर कपडे घातलेली साधी शाळकरी मुलगी, उडते, ठोसे मारते, कुणी तिच्यावर डोळा ठेवून नाही. मला ती फार आवडते. तरी एक गोष्ट मुलीला दाखवाच. भाऊ बिली 'शझाम' हा मंत्र म्हणतो तेव्हा त्या सहा इंग्रजी अक्षरांतून त्याला मिळतं सॉलोमनचं शहाणपण, हर्क्युलिसचं बळ, अ‍ॅटलसचा दम, झ्यूसचं सामर्थ्य, अकिलीसचं धैर्य, मर्क्युरीचा वेग. बहिणीला त्याच अक्षरांतून शहाणपण, बळ आणि वेग मिळतो, पण उरलेल्या तीन जागी डौल, कौशल्य आणि सौंदर्य! धैर्याच्या जागी सौंदर्य येतं, पण धैर्य तिच्याकडे मुळातच असतं, गोष्टींत ते दिसतं. वरदानाच्या यादीत तेवढं ते नाही.

युद्ध संपलं, मे 1947मध्ये मार्स्टन वारला, आणि वंडर वुमन रॉबर्ट कॅनिगरच्या हाती गेली. दोन वर्षांत 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या मुखपृष्ठावर स्टीव्ह तिला उचलून ओढा पार करवतो आहे. विमान अडवणारी बाई, तिला आता घोटाभर पाणी ओलांडायला आधार लागतो. त्याहून मला लागलेली गोष्ट म्हणजे तिच्या स्वतःच्या मासिकाच्या आतल्या पानांतलं एक सदर. पहिल्या अंकापासून 'इतिहासातल्या वंडर वुमन' असं सदर यायचं, टेनिसपटू अ‍ॅलिस मार्बल सहसंपादक होती, पहिली गोष्ट फ्लोरेन्स नाइटिंगेलची. पन्नाशीच्या दशकापर्यंत ते गेलं आणि त्या जागी देशोदेशींच्या लग्नाच्या चालीरीती आल्या.

मग 1954. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं कॉमिक्सविरोधी पुस्तक आलं. त्यात 'फँटम लेडी' या दुसऱ्या एका नायिकेच्या कॉमिकचं, मॅट बेकरने काढलेलं, दोरांनी बांधलेल्या नायिकेचं मुखपृष्ठ पुरावा म्हणून छापलं होतं. त्या चित्राबद्दलची त्याची तक्रार मला समजू शकते. पण त्याला वंडर वुमनही धोकादायक वाटली, आणि त्यात तिच्या ताकदीचाही वाटा होता. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. बायका वास्तव प्रमाणात काढाव्यात हे कलम चांगलंच. प्रेमकथांमधून घराची किंमत आणि लग्नाचं पावित्र्य ठसवावं, हेही त्यातलंच कलम.

त्यानंतरच्या नायिका बघा. 1956ची बॅटवुमन, कॅथी केन. पूर्वी सर्कशीत कसरती करणारी, मोटरसायकल चालवणारी, बॅटमनचा जीव वाचवणारी. बॅटमनच्या कमरेला हत्यारांचा पट्टा, हिच्या खांद्याला पर्स. पर्समध्ये शिंका आणणारी पावडर, अत्तराच्या बाटलीत अश्रुधूर, बेड्यांसारख्या बांगड्या, आणि केसांच्या जाळीचं मोठं जाळं. लहान मुलीला ही पर्स भारी वाटेल, मलाही वाटली होती. पण गोष्टीचा शेवट असा की बॅटमन तिचं खरं नाव ओळखतो आणि हे काम सोड म्हणून तिला पटवतो. 1959ची सुपरगर्ल तर चुलतभाऊ सुपरमॅनच्या सांगण्यावरून अनाथाश्रमात राहते, डोक्यावर तपकिरी टोप घालून. सुपरमॅनइतकी ताकद, पण जवळजवळ पावणेतीन वर्षं ती कुणाला दिसता कामा नये. या गोष्टी दुय्यम म्हणून मी टाकून देणार नाही. आश्रमाच्या खिडकीत एकटी उभी असलेली ती मुलगी बघून मला दहाव्या वर्षी रडू आलं होतं. घरात हुशारी झाकून ठेवायला शिकवलेल्या कितीतरी मुलींना ती आपली वाटली असणार.

साठच्या दशकातलं एकच पान दाखवायचं तर मी 'फँटास्टिक फोर'च्या अकराव्या अंकातलं दाखवेन, 1963चं. स्यू स्टॉर्म, 'इनव्हिजिबल गर्ल'. चौघांत तिची शक्ती काय, तर दिसेनासं होणं. वाचकांची पत्रं आली होती की ही काही कामाची नाही, हिला काढा. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ती पत्रं गोष्टीतच आणली. स्यू दुखावते, तिचे सहकारी रीड आणि बेन तिची बाजू घेतात, आणि उदाहरण देतात अब्राहम लिंकनच्या आईचं. लिंकनला ती जगात सगळ्यांत महत्त्वाची होती, पण यादवी युद्ध लढायला ती गेली नव्हती ना! वास्तविक पाचव्या अंकात खलनायक डॉक्टर डूमच्या सापळ्यातून तिघांना स्यूनेच सोडवलं होतं. बचाव करणारे मनापासून बोलतायत, म्हणून ते पान जास्त टोचतं. वाचकांचा दबाव मात्र उपयोगी पडला असावा, कारण बाविसाव्या अंकात तिला अदृश्य कवच उभं करण्याची शक्ती मिळाली. पुढे ती चौघांतली सगळ्यांत बलाढ्य ठरली. पण 'गर्ल'ची 'वुमन' व्हायला 1985 उजाडलं. तोवर तिला मुलगा होऊन सतरा वर्षं झाली होती.

आपल्याकडे इंद्रजालमधून वेताळ वाचलेल्यांना त्याची प्रेयसी डायना आठवत असेल, संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारी. ती सुपरहिरो नाही, पण तिला स्वतःची नोकरी होती, हे मला लहानपणी फार थोर वाटायचं.

1968मध्ये वंडर वुमनची शक्ती, पोशाख, सगळं काढून तिला कपड्यांचं दुकान थाटून दिलं. लेखक डेनिस ओ'नील यांना वाटलं होतं की स्वतःच्या बळावर लढणारी बाई ही प्रगतीच. स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनमला ते लुबाडणं वाटलं. 1972च्या जुलैमध्ये तिच्या 'मिझ' मासिकाच्या मुखपृष्ठावर जुन्या पोशाखातली वंडर वुमन आली, पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार. 1973च्या सुरुवातीला, वंडर वुमनच्या मासिकाच्या 204व्या अंकात, तिला शक्ती परत मिळाली. तो अंक पुन्हा कॅनिगरचा. सुरुवातीलाच एक बंदूकधारी एका स्त्री-संपादकाला गोळी घालतो. तिचं नाव डॉटी कॉटनमन. आता हे बघा: वंडर वुमन छापणाऱ्या कंपनीत त्या सुमारास डोरोथी वुलफोक नावाची संपादक होती. लोकरीच्या जागी कापूस घातला की नाव तयार. आणि ही डोरोथी वुलफोक म्हणजे 1940च्या दशकात साखळ्या कमी करा म्हणणारी डोरोथी रूबिचेकच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खंड मिटून ठेवला होता.

'फँटास्टिक फोर' काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने 1972मध्ये बायकांनी लिहिलेली तीन मासिकं काढली, चार-पाच अंकांत तिन्ही बंद. 1977ची 'मिझ मार्व्हल' कॅरल डॅनव्हर्स टिकली, पण 'अ‍ॅव्हेंजर्स' या वीरांच्या चमूच्या मालिकेत, 1980च्या 200व्या अंकात, एक पुरुष यंत्राने तिचं मन वळवून तिला गरोदर करतो, ती त्याच्यासोबत निघून जाते, आणि सगळे मित्र तिला शुभेच्छा देतात. पुढच्याच वर्षी ख्रिस क्लेअरमाँटने त्या मालिकेच्या दहाव्या वार्षिकात कॅरलला परत आणलं आणि त्या सगळ्यांच्या तोंडावर बोलायला लावलं: मी संकटात होते, तुम्ही विचारलंही नाहीत. जुन्या कॉमिक्समध्ये नायिकेने आपल्याच सहकाऱ्यांना असा जाब विचारलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

तर तुमचा खंड फळीवरून काढा. पहिल्या आठ-दहा गोष्टी तिच्याबरोबर बसून वाचा, साखळ्यांबद्दल ती विचारेल तेव्हा वरचं सांगा. मेरी मार्व्हल आणि सुपरगर्ल ती एकटीने वाचू शकते. 'अ‍ॅव्हेंजर्स'चा 200वा अंक आता नको, ती सोळा-सतराची झाली की द्या, आणि तेव्हा दहावं वार्षिक त्याच दिवशी हातात ठेवा.