अंधारखोलीत जाण्याआधी

प्रिय,

अंधारात वाढवलेल्या रॅटच्या पिलांवरच्या तुझ्या प्रयोगाचा आराखडा वाचला. ‘अनुभवाने रिसेप्टर वाढतात’ हे पहिलंच वाक्य खोड. कोणता रिसेप्टर (मज्जापेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन), त्याचा कोणता घटक आणि पेशीत नेमका कुठे, हे सांगितल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही.

तुझा विषय एनएमडीए रिसेप्टर, ग्लुटामेट या संदेशवाहकाला प्रतिसाद देणारा. रॅटच्या पिलाचे डोळे साधारण १४व्या दिवशी उघडतात. तोवर दृष्टी-कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या पाहण्याच्या भागाच्या) सिनॅप्सवर, म्हणजे मज्जापेशींच्या सांध्यांवर, या रिसेप्टरच्या २बी घटकाचं राज्य असतं आणि त्यातून जाणारा विद्युतप्रवाह रेंगाळत ओसरतो. पाहणं सुरू झालं की २ए घटक येतो, प्रवाह झटपट ओसरू लागतो. अंधारात वाढलेल्या पिलांत हा बदल अडून राहतो. पण १९९९ साली क्विनलन, बेअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उजेड मिळाल्यावर दोन तासांच्या आत २ए सिनॅप्सवर वाढतो. पुन्हा अंधार केला तर उतरतो, मात्र त्याला दिवस लागतात.

म्हणजे दाराच्या फटीतून तासभर आलेला उजेडही तुझा ‘अंधार’ गट नासवू शकतो. लाल दिव्यावर विसंबू नकोस, मंद का होईना रॅटला तो दिसतो. इन्फ्रारेड चष्मा लाव आणि भूलही अंधारातच दे. भुलीला केटामाइन नको, ते याच रिसेप्टरला अडवतं.

ऊतक बर्फावर ठेव, प्रोटिएज-रोधक (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) घाल. अख्ख्या ऊतकाचा ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांत वेगळी करून ओळखण्याची चाचणी) करून थांबलास तर पेशीच्या आत पडून असलेला साठाही मोजला जाईल. सिनॅप्टोन्यूरोसोम, म्हणजे सिनॅप्सचे सुटे तुकडे, वेगळे काढ. २ए आणि २बी दोन्हींच्या पट्ट्या १८० किलोडाल्टनच्या आसपासच येतात. तेव्हा सगळी भिस्त घटक ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर, आणि तिची पारख आधीच करून ठेव.

पॅच करताना (पेशीला सूक्ष्म नळी लावून प्रवाह मोजताना) पेशी +४० मिलिव्होल्टवर धर, म्हणजे रिसेप्टरची वाट अडवणारी मॅग्नेशियमची अटक सुटते. बाकीचे रिसेप्टर बंद कर: एएमपीए १० मायक्रोमोलर एनबीक्यूएक्सने, गाबा पिक्रोटॉक्सिनने. मग २बी अडवणारं ३ मायक्रोमोलर आयफेनप्रोडिल. इथे बहुतेकांची घाई नडते: त्याचा परिणाम बसायला वीसेक मिनिटं जातात, पाचव्या मिनिटाचा आकडा फसवतो. शिवाय एकाच रिसेप्टरात २ए आणि २बी दोन्ही असू शकतात, तो अर्धवटच अडतो. त्यामुळे ‘इतके टक्के अडलं म्हणजे इतके टक्के २बी’ हा हिशेब लिहू नकोस. ओसरण्याचा वेग तापमानानेही बदलतो, म्हणून मेंदूच्या सगळ्या कापांना बाथचं (ते ज्यात ठेवतोस त्या द्रवाचं) तापमान एकच ठेव.

एएमपीएचा विषय या आराखड्यात नको. अंधारात त्याचे सिनॅप्स उलट जोरकस होऊ शकतात, त्याला स्वतंत्र प्रयोग लागेल.

सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा पिंजरा अंधारात किती वाजता गेला आणि कधी बाहेर आला, याचा रकाना जोडून पाठव.