टेस्टमध्ये चूक नाही, तरी कंपनीचं रेटिंग गूगलमध्ये का दिसत नाही?

तुमच्या साइटवर कर्मचारी आपापल्या कंपनीला गुण देतात, मार्कअप (पानाच्या कोडमध्ये गूगलसाठी लिहिलेली माहिती) टाकलाय, रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये (तो मार्कअप तपासणाऱ्या गूगलच्या साधनात) सगळं हिरवं येतं, पण कंपनीचं नाव शोधलं की तारे दिसत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय.

मला वाटतं तुम्ही बघताय तीच जागा चुकीची आहे. 'एम्प्लॉयर अ‍ॅग्रिगेट रेटिंग', म्हणजे कंपनीला मिळालेल्या गुणांच्या सरासरीचा हा मार्कअप, गूगल नोकऱ्यांच्या शोधात वापरतं. कुणी नोकरीची जाहिरात उघडली की त्या कंपनीला कुठल्या साइटवर किती रेटिंग आहे, ते तिथे दिसू शकतं. मार्कअप बिनचूक असला तरी ते दाखवण्याची हमी मात्र गूगल देत नाही.

मार्कअपमध्ये सक्तीच्या गोष्टी थोड्याच: 'आयटम रिव्ह्यूड'मध्ये संस्थेचं नाव, 'रेटिंग व्हॅल्यू' (सरासरी गुण), आणि 'रेटिंग काउंट' (किती जणांनी गुण दिले) किंवा 'रिव्ह्यू काउंट' (किती रिव्ह्यू आले) यांपैकी एक. 'सेम अ‍ॅज'मध्ये कंपनीच्या अधिकृत साइटचा पत्ता जरूर द्या. सारख्या नावाच्या कंपन्या खूप असतात.

मी फसलो ते 'बेस्ट रेटिंग'मध्ये, म्हणजे कमाल गुण सांगणाऱ्या ओळीत. आमच्याकडे गुण 10 पैकी होते आणि ही ओळ लिहायची राहून गेली. ती नसली की कमाल 5 धरतात. एका कंपनीची सरासरी होती 4.2, म्हणजे तिथले लोक वैतागलेले. पण मार्कअप वाचणाऱ्याला ती 5 पैकी 4.2 दिसणार, म्हणजे उत्तम कंपनी! टेस्टनेही काही म्हटलं नाही, कारण 4.2 हा आकडा 1 ते 5 मध्ये बसतो. ते लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. अशा आकड्यावर भरवसा ठेवून कुणी हातातली नोकरी सोडू शकतं.

दुसरं म्हणजे, मार्कअपमधलं रेटिंग पानावर वाचणाऱ्यालाही दिसायला हवं, आणि दोन्हीकडे आकडा एकच हवा. पान कॅशमधून (साठवलेल्या प्रतीतून) जुनं येतं आणि मार्कअप ताजा बनतो, तेव्हा रेटिंगची संख्या एकीकडे 198 आणि दुसरीकडे 212, असे दोन वेगळे आकडे एकाच पानावर नांदतात. दोन्ही एकाच ठिकाणाहून काढा. रेटिंग लोकांनी दिलेलंच हवं, संपादकाने ठरवलेलं चालत नाही. खोटेपणा आढळला तर मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, येते. साध्या निकालांतला क्रमांक त्याने घसरत नाही, पण रिच रिझल्ट, म्हणजे ताऱ्यांसारखी जादा माहिती असलेले निकाल, जातात.

कंपनीने स्वतःच्याच साइटवर स्वतःचे तारे लावावेत का, हेही तुम्ही विचारलंय. नको. संस्थेने स्वतःबद्दल स्वतःच्या साइटवर ठेवलेल्या रिव्ह्यूंचे तारे गूगलने सप्टेंबर 2019 पासून बंद केलेत.

आज एवढं करा: सगळ्यात कमी रेटिंगच्या कंपनीचं पान उघडा, सोर्समधले (पानाच्या कोडमधले) सरासरी, संख्या आणि कमाल गुण हे तीन आकडे पानावरच्या आकड्यांशी ताडून बघा. मग सर्च कन्सोलच्या (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या मोफत साधनाच्या) यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये गूगलला ते पान उघडता येतंय ना, ते तपासा.