ग्वाल्हेरला घरीच ख्याल आणि पेटी रेकॉर्ड करायची आहे, बजेट ५० हजार. कॉम्प्युटर कोणता घेऊ?

सगळे पैसे कॉम्प्युटरवर घालवू नका. गळा, पेटी, तबला म्हणजे तीन-चार ट्रॅक; त्याला साधा आय५, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी पुरते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक तासाला जेमतेम ५२० एमबी खातो. ग्राफिक्स कार्ड तर नकोच, त्याचा पंखा माइकमध्ये तुमच्याआधी सूर लावतो. जुना लॅपटॉप असेल तर आधी त्याचीच रॅम वाढवून बघा.

उरलेल्या पैशांत दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, घ्या. कंडेन्सर माइकला वीज लागते, त्यासाठी त्यात ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) हवी. विंडोजवर इंटरफेसच्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका आणि बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवा. बफरमुळे होणारा उशीर एका बाजूने पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो.

खरी अडचण आपला उन्हाळा. आपल्या लष्कर भागात मे महिन्यात कूलर बंद करून बडा ख्याल गाऊन दाखवा! मी पहाटे पाचला उरकतो. आणि रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ ऐकू आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर माइक बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या.