अण्णांना पाणीही उतरत नाही, स्टेंट टाकावा का?

प्रश्न: डॉक्टर, माझे वडील 71 वर्षांचे आहेत, अन्ननलिकेचा कॅन्सर, लिव्हरमध्येही पसरलाय. आधी भाकरी अडकायची, मग मऊ भात, आता चहाचा घोटही परत येतो, उशाशी वाटी ठेवलीये तिच्यात थुंकत बसतात. हॉस्पिटलवाले स्टेंट टाकूया म्हणतात, आई म्हणते आता कशाला अजून हाल. काय करू?

उत्तर: ताई, स्वतःची लाळ गिळता न येणं हे फार वाईट असतं हो, आणि स्टेंट नेमका त्यासाठीच आहे. आईंना आधी सांगा की यात छाती वगैरे उघडत नाहीत, झोपेचं औषध देऊन एंडोस्कोपीने जाळीची बारीक मिटलेली नळी गाठीपर्यंत नेऊन सोडतात, ती आपोआप उघडते आणि एकदोन दिवसांत चांगली फुलते, रुंदी साधारण 18 ते 23 मिलीमीटर. बहुतेकांना एकदोन दिवसांत पातळ खाणं उतरायला लागतं. रेडिएशननेही घास उतरतो, आतून दिलेल्या रेडिएशनचा आराम जास्त टिकतो पण यायला वेळ लागतो, आणि पाणीच जात नसेल तर तेवढी वाट कशी बघणार?

पण कॅन्सर याने कमी होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत हवं. पहिले काही दिवस छातीत दुखतं, गोळ्या मागून घ्या, सोसत बसू देऊ नका. नळी कधी सरकते, कधी गाठ वाढून पुन्हा तोंड बंद होतं, मग बऱ्याचदा दुसरी टाकता येते. रक्तस्राव किंवा छिद्र पडणं क्वचित, पण होतं. गाठ नेमकी कुठे आहे ते विचारा. गळ्याजवळ असेल तर सतत काहीतरी टोचतंय असं वाटतं, जठराच्या तोंडाशी असेल तर ॲसिड वर येतं, मग डोक्याकडची बाजू उंच करून झोपवायचं.

पहिल्या दिवशी पेज, ताक, वरणाचं पाणी. मग गुरगुट्या भात, पातळ खिचडी. पोळी, ब्रेड, मटणाचे तुकडे, मेथी, शेवग्याची शेंग नकोच, जाळीत अडकतं. बसवूनच भरवा, दोन घासांनंतर कोमट पाण्याचा घोट. त्यांना नको असेल तेव्हा आग्रह करू नका, आणि स्टेंटचं अण्णांनाही विचारा, तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच नाहीये.

घास अडकून लाळही परत यायला लागली किंवा रक्ताची उलटी, ताप, छातीत जोराची कळ आली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.