हाताची सवय

प्रश्न : डॉक्टरबाई, मला दीड महिन्याचा नातू आहे. सव्वा महिना माहेरी काढून सून परवाच कऱ्हाडला आली. बाळानं जरा कुरकुर केली की ती उचलते. पाळणा नुसता शोभेला टांगलाय. लंगोट बदलताना त्याच्याशी गप्पा मारते. त्या जिवाला काय कळतंय? मी शेतातली कामं करून दोन मुलगे वाढवले. रडलं तर रडू द्यायचं, छाती भरते म्हणायचे. पुढं हिची सुट्टी संपली की बाळ माझ्याकडंच असणार आणि माझे दोन्ही गुडघे गेलेत. हाताची सवय लागली तर मी काय करू? तिन्हीसांजेला तर तो फारच रडतो. मी दृष्ट काढली की गप होतो, त्यालाही सून हसते. तुम्ही लिहिलंत तर ती ऐकेल.
– एक आजी, कऱ्हाड

उत्तर : आजी, तुम्ही मला तुमच्या बाजूनं बोलावलंत आणि मी साक्ष सुनेची देणार आहे. रागावू नका. गुडघ्यांचं विसरलेले नाही, त्यावर येतेच.

मला मुलगी झाली 1986 साली. तेव्हा मी बालरोगाचंच शिक्षण घेत होते, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता. वरिष्ठांनी शिकवलेलं की तीन-तीन तासांनी पाजायचं, मध्ये रडलं तरी उचलायचं नाही. मी घड्याळाकडे बघत बसायचे. सासूबाई आतून यायच्या, मला न विचारता तिला उचलून छातीशी धरायच्या आणि म्हणायच्या, ‘तुझं घड्याळ तिला वाचता येत नाही.’ मला भयंकर राग यायचा.

नेमका त्याच वर्षी, कॅनडातल्या माँट्रियलच्या हुंझिकर आणि बार या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला. काही आयांना त्यांनी सांगितलं होतं, बाळ रडो न रडो, रोज निदान तीन तास कडेवर घ्या. ती बाळं सहा आठवड्यांची झाली तेव्हा इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती. मुळातच फार रडणाऱ्या बाळांना एवढा गुण येत नाही, हे पुढे दिसलं. पण उचलल्यानं रडणं वाढतं, असं काही निघालं नाही. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘त्यासाठी कॅनडा कशाला?’

हाताची सवय लागायला आधी डाव जमावा लागतो : मी रडलो की आजी येते, चला रडू या. दीड महिन्याच्या बाळाला एवढं राजकारण येत नाही. भूक, थंडी, ओला लंगोट, नुसतंच एकटं वाटणं, सगळ्याला त्याच्याकडे एकच भाषा. आणि एकदा घाबरंघुबरं झालं की त्याचं त्याला फारसं सावरता येत नाही. कुणाच्या तरी अंगाची ऊब, सावकाश श्वास, ओळखीचा आवाज मिळाला की ते निवतं. असं शेकडो वेळा झाल्यावर मग थोडंथोडं स्वतःचं स्वतः जमायला लागतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बेल आणि एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1972 साली 26 बाळांची पाहणी छापली. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला आया लगेच धावल्या, ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. पाहणी छोटी होती, तिच्यावर वादही झाले. पण मी दवाखान्यात जे पाहिलं ते याच बाजूचं आहे. छाती भरण्याचं म्हणाल, तर ती रडून भरत नाही.

‘त्याला काय कळतंय?’ आवाज कळतो. तीन दिवसांच्या आतली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे 1980 साली डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवलं. शब्द नाही कळत, सूर कळतो. तोंडही दिसतं, फक्त वीत-सव्वा वीत अंतरावरचं. मांडीवर घेतल्यावर आपलं तोंड जवळपास तिथंच असतं. झोपेत हसतो तेव्हा सटवाई हसवते म्हणतो ना आपण? ते हसू कुणासाठी नसतं. तुमच्याकडे बघून हसण्याचे दिवस आता आलेत. दुपारी दूध पिऊन जागा असला की समोर घ्या, हळू बोला, मग गप्प राहून त्याला वेळ द्या. जीभ हलवेल, ‘आं’ करेल. त्यानं तोंड फिरवलं की थांबायचं, त्याचं पोट भरलं बोलण्यानं.

तिन्हीसांजेचं रडणं जगभर आहे. दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्याच्या आसपास कळस होतो, तीन-चार महिन्यांनी ओसरतं. म्हणजे तुमच्या घरी आत्ता ऐन भरात आहे. दृष्ट काढताना तुम्ही गडबड थांबवता, बाळाला कुणीतरी जवळ घेतं, तुम्ही एका सुरात पुटपुटता. त्यानं तो निवतो. खुशाल काढा. मीठ-मोहऱ्या-मिरच्या मात्र अंगणात जाळा. तो धूर आणि न्हाणं झाल्यावरची धुरी, दोन्ही त्याच्या छातीला वाईट.

आता गुडघे. जमिनीवर बसून उचलू नका. हाताची खुर्ची घ्या, कुशीत उशी ठेवा, बाळ कुणालातरी मांडीवर आणून द्यायला सांगा. दर वेळी उचलायलाच हवं असंही नाही. पाळण्यात वाकून छातीवर तळवा ठेवा, त्याचे दोन्ही हात पोटाशी धरा, गुणगुणा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. तुमचाच डोळा लागतोय असं वाटलं तर आधी त्याला पाळण्यात उताणं ठेवा. कितीही वैताग आला तरी गदगदा हलवायचं नाही, मेंदूला इजा होते. बाजूला ठेवून पाच मिनिटं ओसरीवर जा.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, दूध तोडलंय, रडणं नेहमीपेक्षा वेगळं किंवा अगदी क्षीण वाटतंय, तर दृष्ट-बिष्ट नको, तडक डॉक्टरांकडे.

आणि सुनेकडेही बघा. बाळंतपणानंतर पंधरवडाभर उगाच रडू येतं, पण अजूनही ती गप्प-गप्प असेल, बाळ झोपलं तरी हिला झोप नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्याच्याशी गप्पा मारते म्हणालात, ते वाचून मला बरं वाटलं.

हे उत्तर तिला वाचून दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.