सातव्या महिन्यात बाळाला भाकरी आणि शेंगाचटणी द्यावी का?

भाकरी द्या, पण ताजी. पापुद्रा काढून आतला मऊ भाग मुगाच्या वरणात १० मिनिटं भिजवा, बोटांनी कुस्करा, वर अर्धा चमचा तूप. बाळाचं वरण मीठ-तिखट घालण्याआधीच बाजूला काढायचं. घास चमच्यावरून ओघळता कामा नये; पातळ पेजेनं नुसतं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. सुरुवात २-३ चमचे, नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी.

आपली सोलापुरी कडक भाकरी आणि अख्खे शेंगदाणे अजिबात नकोत, घशात अडकतात. शेंगाचटणीऐवजी भाजलेल्या दाण्यांचं पिठासारखं बारीक कूट पाव चमचा वरणात कालवा. पुरळ, उलटी किंवा ओठांवर सूज आली तर थांबवून लगेच डॉक्टर गाठा. आधीपासून खूप इसब असेल तर दाणे देण्यापूर्वीच विचारा. मध बाळ वर्षाचं होईपर्यंत नाही, बोटभरसुद्धा.